छतावरचं सतरावं मूल

आमच्या पाळणाघरात एका बाईमागे आठ मुलं असा नियम आहे, आणि त्यापेक्षा एक जरी मूल जास्त झालं तर ते वर जाऊन छताला लागतं. सुसाट जात नाही. इकडेतिकडे बघत, सावकाश जातं आणि पाठ टेकली की थांबतं.

नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. बाईला हात दोनच असतात, त्यामुळे खरं तर आठही जास्तच. माझी तक्रार रंजनाबद्दल आहे. आम्ही तिघी होतो: मी, हौसाबाई आणि रंजना. एक दिवस खात्याने रंजनाला सर्वेक्षणाच्या कामाला उचललं. सर्वेक्षणाचा विषय होता, कोणकोणत्या पाळणाघरांत बायका कमी आहेत. ती गेली त्याच सकाळी आमच्याकडचं सतरावं मूल वर गेलं. आता हसावं की डोकं आपटून घ्यावं?

सतरावं म्हणजे सकाळी सगळ्यांत शेवटी येणारं. तो रोज राजवीरच असतो. त्याची आई रेश्मा एमआयडीसीत लोणच्याच्या बाटल्या भरते, आणि तिच्या गावाची एसटी सगळ्यांच्या मागून येते. बाकीच्या आयांनी पाळीपाळीने बाहेर थांबून बघितलं, म्हणजे रोज त्याच्यावरच नको. पण भोंगा झाला की कंपनीचं गेट बंद होतं, आणि गेटवरच्या माणसाला छताचं कारण सांगून उपयोग नसतो.

आम्ही जमेल तेवढं सगळं केलं. पंखे काढून ठेवले. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. स्टुलावर चढून त्याला खिमट भरवायचं, पुसायचं, लंगोट बदलायचा. हातात धरलं की येतो खाली, पण सोडलं की निघाला वर. आणि धरून बसायचं तर बाकीच्या सोळांकडे कोण बघणार? मुलांना बांधून ठेवू नये असाही नियम आहे, तो मला मान्य आहे. हौसाबाई मोरीत गेल्या की त्यांच्या वाटणीची आठही मुलं वर जातात आणि त्या आल्या की खाली पडतात, म्हणून खाली कायम गाद्या अंथरलेल्या असतात. बिचाऱ्या हौसाबाई पाणीच पीत नाहीत.

हेही निभावलं असतं. पण राजवीर दीड वर्षाचा झाला आणि अजून एक पाऊल चालला नव्हता. चालणार कशावर? दिवस छतावर जायचा आणि घरी पोचेपर्यंत झोपेला यायचा. त्याचे तळपाय बाळंतपणातल्या बाळासारखे मऊ होते. "ताई, सुट्टीच्या दिवशी खाली उभा केला की पाय वर घेतोय ओ," रेश्मा सांगायची. "वर बघून रडतंय. माझं पोरगं चालंल न्हवं?"

मी कार्यालयात जाऊ शकत नव्हते. मी गेले की आणखी आठ वर. म्हणून फोन करत राहिले, आणि शेवटी निरीक्षक पडवळसाहेब जीपमधून आले.

त्यांनी दारात उभं राहून मुलं मोजली. "सोळा मुलं, दोन सेविका. प्रमाण अगदी बरोबर आहे."

मी वर बोट केलं. त्यांनी वर बघितलं. राजवीरने त्यांच्याकडे बघून लाळ गाळली.

"बाई, छत चटईक्षेत्रात येत नाही," खांदा पुसत ते म्हणाले.

"मूल मुलांत येतं की नाही?"

"येतं. पण कुठे आहे त्यावर आहे ते. तुमचं केंद्र जिल्ह्यात सगळ्यांत काटेकोर आहे म्हणायचं. एक मूल जास्त होऊ देत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, रंजनाला परत पाठवा."

"सर्वेक्षण संपल्याशिवाय कसं पाठवणार? बायका कुठे कमी आहेत ते कळायला नको?"

"इथे कमी आहेत!"

"ते अहवालात येऊ दे."

एक गोष्ट मी एव्हाना बघितली होती. साहेब आत आले, खुर्चीवर बसले, चहा प्यायले, तरी राजवीर तसूभरही खाली आला नव्हता. म्हणजे नुसता माणूस आत असून भागत नाही. तेवढ्यात स्वराने, तिला कायम सर्दी, साहेबांच्या पँटला नाक पुसलं. साहेब दचकले, मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तिचं नाक पुसलं. ती रडायला लागली म्हणून तिला उचलून घेतलं.

राजवीर खाली आला. थेट गादीवर.

"साहेब, हलू नका," मी म्हणाले. "तुम्ही धरले गेलात."

"मी? कशात?"

"बायकांत."

साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण स्वराला सोडलं नाही, हे मी कबूल करते. राजवीर गादीवर बसून जमीन चाचपत होता. मग त्यांच्याच पँटला धरून उभा राहिला. हौसाबाई तोंडावर पदर धरून बघत होत्या. त्याने पँट सोडली आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"चाललं की हो!" साहेब ओरडले. त्यांना खरंच आनंद झाला होता.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"साहेब, थोडा वेळ. त्याची आई येईपर्यंत तरी."

"मला अजून तीन केंद्रं बघायची आहेत. सगळीकडे नाकं पुसत बसलो तर तपासणी कोण करणार?"

"सगळीकडे नका पुसू! इथे पुसा!" मी एवढी किंचाळले की चार मुलं रडायला लागली.

साहेबांनी स्वराला खाली ठेवलं.

राजवीरचं तिसरं पाऊल उचललेलं होतं. ते त्याने टाकलं, पण जमिनीच्या वीतभर वर. चौथं त्याहून वर. पाऊल टाकायला खाली काहीतरी लागतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो जिना चढावा तसा हवेतून चढत गेला, वर पोचून उलटा झाला, आणि छताला पाय लावून खदखदून हसला.

साहेबांनी शेरा लिहिला, "मूल चालते. तक्रार निकाली." जीप गेली. अशा माणसाला काय म्हणावं ते मला येतं, पण खोलीत मुलं होती.

सुट्टीचा भोंगा झाल्यावर रेश्मा सगळ्यांच्या आधी आली. हाताला लोणच्याच्या मसाल्याचा वास, चप्पल अर्धी पायात.

"चालला," मी सांगितलं, आणि वर दाखवलं.

ती बघत राहिली. राजवीर डोकं खाली, पाय वर, छतावरून तिच्या दिशेने येत होता. मध्येच बसकण मारत होता, पुन्हा उठत होता. पंख्याच्या हुकाला त्याने नीट वळसा घातला. रेश्मा त्याच्या खालून, हात वर करून, त्याच्याबरोबर एकेक पाऊल मागे सरकत राहिली. दाराच्या चौकटीशी छत संपतं. तिथे ती टाचा उंचावून उभी राहिली.

"बघून, सोन्या," ती म्हणाली. "बघून टाक पाय."