आप्पांचं कुत्रं काय करत न्हाय

“काय करत न्हाय वो!” हे वाक्य मगदूम आप्पांच्या तोंडून आलं, की त्यांचं कुत्रं आपल्या मांडीपर्यंत पोचलेलं आहे असं खुशाल समजावं. त्याआधी आप्पा ते कधीच म्हणत नसत. कुत्रं उंबऱ्यावरून उठायचं, अंग झाडायचं, अंगण ओलांडायचं, पुढचे दोन्ही पाय उचलून आपल्या पोटावर ठेवायचं आणि मग आतून हा दिलासा यायचा. आवाज मात्र एवढा दणदणीत, की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीतल्या माणसालाही धीर यावा. फक्त ज्याच्या पोटावर पाय आहेत त्याला तो येत नसे.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेला भिते, कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहते. कुत्र्याचं तर नावच नको. अशी मी लग्न होऊन साताऱ्याहून कोल्हापुरात आले, तेव्हा ह्यांनी मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या मोठ्या कौतुकानं दाखवल्या. “नळ अगदी दारात आहे,” म्हणाले. नळ दारातच होता, पण तो आप्पांच्या दारात. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी तिथं पाणी भरायचं, आणि समोर उंबऱ्यावर हा काळा धिप्पाड प्राणी एक डोळा उघडा ठेवून पडलेला. त्याचं नाव करिया. बाप मुधोळचा शिकारी आणि आई पेठेतली, असं आप्पा अभिमानानं सांगत.

रोज पहाटे पाणी आल्याचा आवाज झाला, की मी खिडकीतून त्या उंबऱ्याकडं डोकावून घेई. घागर घेऊन दाराशी उभी राहायची, आधी कुणी पुढं जातंय का बघायची. हे म्हणत, “अगं, रोजचंच तर आहे ते कुत्रं.” रोजचं होतं म्हणूनच तर भीती रोजची होती! ह्यांना काय, हे फॅक्टरीत गेले की सुटले.

आप्पांची सगळी हयात गुळाच्या बाजारात तोलाईदार म्हणून गेली होती. ढेपा तोलून तोलून त्यांची नजरच काट्याची झाली होती. माणूस समोर आला की नमस्काराच्या आधी वजन. “वैनी, गौरीपास्नं उतरलायसा,” किंवा “जावयबापू भरल्यात न्हवं यंदा!” मी कुत्र्याची तक्रार घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडं आणि करियाकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, “तुमच्या निम्मंबी भरायचं न्हाय त्ये. एवढं वजन असून भ्यायचं व्हय?” माझी भीती तशीच राहिली, वर त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

बरं, नुसती भीती असती तर एक वेळ सोसलं असतं. करिया अंगणात घाण करी. आप्पा त्यावर बंबातली राख टाकत आणि हात झाडून विचारत, “आता कुठं काय हाय?” वाळत घातलेले सांडगे करियानं खाल्ले, तर आप्पांचं उत्तर, “मीठ कमी पडलंय वो वैनी. निम्मं टाकलंय बघा त्यानं.” बांधून ठेवा म्हटलं, की मात्र आप्पा पाठ फिरवत. “आमच्यात बांधत न्हाईत,” एवढंच म्हणून आत जात. आमच्यात म्हणजे कुणात, हे कळायला मार्ग नव्हता, कारण घरात आप्पा एकटेच होते. आम्ही राहायला आलो त्याच्या थोडं आधी त्यांची बायको वारली होती. मी त्या बाईंना पाहिलंसुद्धा नव्हतं.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी, की करिया पुरुषांच्या वाटेला फारसा जात नसे. तो यायचा आम्हा बायकांवर, आणि जितकं ओरडावं तितका जोरात. समोरच्या खोलीतल्या, बाळूच्या आई, पोराला शाळेसाठी हाका मारायला दारात आल्या की हा त्यांच्यावर धावून जाई. मी तर ठरवलं होतं की ह्या कुत्र्याला भित्र्या माणसाचा वास येतो आणि ह्याचा आपल्यावर डूख आहे. स्वप्नातसुद्धा मला तो नळावर बसलेला दिसायचा.

एके सकाळी व्हायचं तेच झालं. भरलेली घागर कमरेवर घेऊन मी वळले, तर करिया उठून उभा. मी जागच्या जागी गारठले. आधी “बापरे” निघालं, मग “अरे बाबा, बाजूला, बाजूला!” आणि शेवटी नुसतंच “बाबा, बाबा, बाबा!” त्यानं शेपटी उडवत झेप घेतली. घागर एकीकडं, मी एकीकडं, आणि माझ्या छातीवर दोन काळे पाय. तोंडावर त्याचा गरम श्वास येत होता. संपलं सगळं, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

“काय करत न्हाय वो!” आतून आवाज आला.

त्यानं खरंच काही केलं नाही, नुसतं नाक चाटलं. पण पाय मुरगळला तो टम्म सुजला. घरमालकीण आक्का माडीवर राहत. त्या पदर खोचून खाली आल्या आणि अख्ख्या चाळीसमोर आप्पांना म्हणाल्या, “आप्पा, लई झालं. उद्या पोरीबाळी मरतील. रविवारपतूर कुत्रं तरी जाईल, न्हायतर तुमी तरी खोली सोडायची.”

आप्पा करियाला घेऊन आत गेले. संध्याकाळी मात्र आंबेहळदीचा लेप वाटीत घेऊन आमच्या दारात आले. “पायावर वजन टाकू नगासा,” म्हणाले आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून गेले. कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यांनी गडहिंग्लजला फोन लावल्याचं बाळूच्या आईंनी पाहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी रविवारची वाट बघत होते.

रविवारी सकाळी टेंपो आला. आप्पांच्या बायकोच्या भावाचा मुलगा बसू तो घेऊन आला होता. गडहिंग्लजच्याही पुढं, सीमेला लागून त्यांचं शेत होतं, तिथं करियाची सोय होणार होती. मी पाय स्टुलावर ठेवून दारात बसले होते. कुत्रं जाताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास बसणार नव्हता. बसूनं करियाच्या गळ्यात दोरी घातली आणि तो माझ्यासमोरूनच त्याला नेऊ लागला. जाता जाता हा शेवटचा डाव साधणार, असं माझ्या मनात आलं आणि मी ओरडले. “अहो बाबा, बाजूला घ्या! बाजूला!”

करियानं हिसका मारला, दोरी सोडवली आणि थेट माझ्या मांडीवर डोकं आणून ठेवलं. मी थिजले.

बसू पोट धरून हसायला लागला. “वैनी, तुम्हीच बोलवायलायसा की त्याला!”

“मी? मी कधी बोलावलं?”

“बा, बा म्हणून वरडालायसा न्हवं? कानडीत बा म्हंजे ये! आमची आत्ती हुती न्हवं, तिनं कानडीत वाढवलाय त्याला. मराठी कळतच न्हाय ह्येला.”

अंगणात सगळी चाळ जमली होती. जो तो मनातल्या मनात आपापलं ओरडणं तपासून बघत होता. बापरे, बाबा, बाजूला, बाहेर, बाई गं. आमची सगळी भीतीच मुळी ‘बा’नं सुरू होत होती! बाळूच्या आईंनी तर कपाळावर हात मारला. “म्हंजे मी रोज सक्काळी ‘बाळू, बाळू’ करून कुत्रंच बोलवत हुतो व्हय!”

आक्कांनी मात्र आप्पांकडं पाहिलं. “आप्पा, तुमास्नी ठावं न्हवतं ह्ये?”

“हुतं की,” आप्पा म्हणाले.

“आन् सांगितलं न्हाईसा? पोरीचा पाय मोडला असता!”

आप्पांनी मान खाली घातली. माझं डोकं असं तापलं, की मांडीवर कुत्रं आहे हे क्षणभर विसरले. इतके दिवस जीव मुठीत धरून काढले, आणि ह्या माणसाला एक शब्द सांगता येत नव्हता! आप्पा म्हणाले, “चढव रे त्याला,” आणि बसूनं करियाला उचलून टेंपोत ठेवलं.

आप्पा टेंपोच्या मागं गेले. करियाच्या कानामागं खाजवलं, पाठीवरून हात फिरवला. मग घसा खाकरून, कसलेसे जड शब्द उचलावेत तसे म्हणाले, “होगी बा, करिया.”

करिया फळीवरून उडी मारून खाली आला आणि त्यांच्या पायाशी उभा राहिला.

बसू करवादला. “आप्पा, होगी बा म्हंजे ‘जाऊन ये’. त्यो बा ऐकून माघारीच येणार की! नुसतं होगु म्हणा. जा म्हणा.”

“नुसतं जा म्हणू व्हय?” आप्पा म्हणाले. “तुझी आत्ती कुणाला नुसतं जा म्हटलेली ऐकलीयास तू?”

बसू टेंपोच्या फळीला टेकून उभा राहिला. आप्पा आमच्याकडं वळले. त्यांचा तो बाजारातला आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

“आमी मुरगूडकडलं. मला कानडी येत न्हाय. उभा जन्म ती कानडीत बोलली आन् मी मराठीत. मी हसायचो तिच्या बोलण्याला. ती गेली, आन् घरात बा म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हाय. माझ्या तोंडातनं कदी निघालंच न्हाय. आज पयल्यांदा म्हटलो बगा. तुमी बायका नळावर वरडला, की ह्यो शेपूट हलवत पळतोय. तिच्या हाकंला पळायचा तसाच. मी आत बसून ऐकतो. वैनींस्नी भ्या वाटतंय, ह्ये कळतंय मला. उद्या सांगू, आजच्या दिस ऐकू दे, असं रोजच व्हायला लागलं.”

आक्कांनी दोरी उचलून आप्पांच्या हातात दिली. मग म्हणाल्या, “दोर बांधायचा दाराला. पक्का. न्हायतर ह्याच टेंपोत तुमास्नी घालीन.” बसू आप्पांसाठी शेतावरून आणलेलं तांदळाचं पोतं उतरवून रिकामा टेंपो घेऊन गेला.

आप्पांनी दोर बांधला. चाळीनंही जिभेला वळण लावलं. बायका आता “आई गं” म्हणून भ्यायला शिकल्या. बाळूच्या आई लेकाला पाळण्यातल्या नावानं न बोलावता शाळेतल्या नावानं हाका मारू लागल्या. नळावर इतकी शांतता पसरली की घागरीत पडणारं पाणी ऐकू येई. करिया पंजांवर हनुवटी टेकून पडलेला असे. आप्पा येता-जाता दिसत, पण कुणाचं वजन सांगेनासे झाले. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तरी पाणी भरताना मला त्या उंबऱ्याकडं बघवत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

पाय बरा झाल्यावर एका सकाळी नळावर मी एकटीच होते. घागर पुढं धरली, दोर पक्का आहे ना ते दोनदा पाहिलं. भीती काही गेली नव्हती. त्या काळ्या तोंडाकडं बघत मी म्हटलं, “बा.”

करिया ताडकन उठला. दोर ताणला गेला, शेपटी दारावर थाडथाड आपटू लागली. मी घाबरून मागं सरले. आतली खाट कुरकुरली आणि आप्पा दारात आले. त्यांनी कुत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“वैनी,” ते म्हणाले, “जरा लांबवून म्हणा. ती लांबवून म्हणायची.”

मी घागर खाली ठेवली आणि लांबवून म्हटलं.