उमरेडचं नाव

गोपाळरावांनी भिंतीवरचं पोस्टर तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, हे वळून बघितलं. ‘रविवारी संध्याकाळी पाच वाजता, गांधीबागेच्या सभागृहात. चंद्रभान यांचा कॅबरे! लुगड्यातल्या पुरुषांची चाळीस वर्षांची कहाणी, गाण्यांतून. चाहते नावानिशी.’

घोडं अडलं होतं ते त्या ‘नावानिशी’पाशी. खडी गंमत म्हणजे इकडचा तमाशा; तिच्यात बाई होऊन नाचतो तो पुरुषच, आणि खूश होऊन कोणी बक्षीस दिलं की त्याचं नाव-गाव भर गाण्यात घ्यायचं, ही रीत. चंद्रभाननं म्हणे सगळी नावं वहीत उतरवून ठेवली होती. आता अठ्ठ्याहत्तर साली गंमत पाहायला कुत्रं फिरकत नव्हतं, म्हणून त्यानं पाटी बदलून कॅबरे लिहिलं; वही मात्र तीच! आणि अडतीस साली, उमरेडला, वीस वर्षांच्या गोपाळनं आपला जरीचा शेला याच चंद्रभानच्या खांद्यावर टाकला होता. आज तोच गोपाळ निवृत्त मुख्याध्यापक आणि वर मोहल्ल्याच्या सुसंस्कार समितीचा अध्यक्ष. नाव निघालं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तेव्हापासून त्यांना जो तो संशयास्पद दिसू लागला. पानवाला हसला, म्हणजे त्याला कळलंय. शेजारचे भैय्याजी म्हणाले, “येता का गुरुजी रविवारी?” आता हे आपल्यालाच का विचारावं? घरी येऊन पाहतात तर अंजनाबाई पोळ्या लाटता लाटता गुणगुणत होत्या.

“काहून गाऊन राहिली वं?”

“काहून? गाणं म्हणाले बी तुमच्या समितीची परवानगी लागते का?”

ही तर नक्कीच जाणून आहे, असं वाटून गोपाळराव तडक चौकीवर गेले. कार्यक्रम अश्लील आहे, बंद करा, असा अर्ज दिला. फौजदार मोठा हुशार निघाला.

“पाहिल्याबिगर कसा बंद करू, गुरुजी? तुमी असं करा, पहिल्या रांगेत बसा. वावगं दिसलं का उभं राहा. माझा शिपाई पडदा पाडते.”

झालं! आगीतून फुफाट्यात. त्यात अंजनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “या वयात एकटे कॅबरेले चालले? मी येतो संगं.”

रविवारी सभागृह गच्च भरलं. हिरवं लुगडं नेसलेला साठीचा चंद्रभान ठुमकत आला आणि पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मग तो गायला लागला. बायकी चालतो म्हणून बापानं हाकललेल्या आणि गंमतीच्या पार्टीत भाकर मिळालेल्या पोरांचं गाणं. तीस वर्षं एका घरात राहिलेल्या दोन नाच्यांचं गाणं. ते लोकांना ‘मावसभाऊ’ सांगायचे आणि लोक मान हलवायचे. लोक आधी खूप हसले, मग एकाएकी गप्प झाले. गोपाळरावांचं मात्र अर्धं लक्ष वहीकडे होतं.

वही उघडली. “सावनेरचे धोंडबा पाटील, सुपारीचा डबा!” मागं कोणाचा तरी नातू ओरडला, “आबा, तुमी?” एकेक नाव येत होतं आणि गोपाळराव उपरण्यानं कपाळ पुसत होते. शेवटी वही मिटली. त्यांचं नाव आलंच नाही.

सुटलो बुवा! असं वाटलं खरं, पण मिनिटभरच. मग आत काहीतरी टोचायला लागलं. धोंडबाच्या सुपारीचं गाणं होतं आणि आपला शेला गेला कुठं? आपल्याला विसरला हा? गोपाळराव ताडकन उभे राहिले. शिपायानं पडद्याची दोरी धरली.

“उमरेड राहिलं!” ते ओरडले. “उमरेडचा गोपाळ! जरीचा शेला! वही नीट पाहा!”

चंद्रभान त्यांच्याकडे बघतच राहिला. “वहीत नाई जी. वहीत पाहणाऱ्याइची नावं हायत. जे माह्या संगं चालले, त्याइचं नाव मी कोणालेच सांगतलं नाई.”

अंजनाबाईही उभ्या राहिल्या होत्या.

“कुठवर चालले होते जी?”

“सावनेरपर्यंत,” गोपाळराव म्हणाले. “दोन महिने. गावोगाव.” इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होती.

“आन् वापस काहून आले?”

“बाबा घ्याले आले. म्हणे, तुहं लग्न ठरलं.”

शिपाई दोरी धरून तसाच ताटकळला होता. अंजनाबाईंनी मंचाकडे तोंड केलं.

“भाऊ, तवा हे हसत होते का जी?”

“लय हसत, वैनी. गाणं थांबवा लागे.”

“मंग घ्या नाव याइचं, पुरं घ्या,” म्हणत अंजनाबाई पदर सावरून खाली बसल्या. “मले बी याइले हसताना पाहू द्या एकडाव.”