पी बेटा, पी!

शिंदखेड्याला आमच्या शेजारचे नाना संध्याकाळी ओट्यावर बसतात ते बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळून. दंडावर डास बसला तर मारत नाहीत. उलट त्याला म्हणतात, "पी बेटा, पी! आते तुनं काही खरं नही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असावं. नानांचं म्हणणं मात्र ठाम होतं. त्यांना दोनदा मलेरिया होऊन गेलेला, लशीही सगळ्या टोचून झालेल्या. तेव्हा त्यांचं रक्त आता डासाला पचणार नाही. "मन्ही पोर सांगस," ते म्हणाले.

पोर म्हणजे कल्पना. हैदराबादला डासांवर संशोधन करते. ती असलं काही सांगणार नाही, एवढं मला कळत होतं. मग ती सांगते तरी काय? मी शाळेत मराठी शिकवतो. पण नानांच्या लेखी सर म्हणजे सर. रविवारी तिचा फोन आला की ते मला हाक मारतात आणि स्पीकर लावतात.

ती सांगे, "डासाच्या आतड्याचा अंश सशाला टोचायचा. सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होतात. मग ते रक्त डासाला पाजायचं. प्रतिपिंडं त्याच्या आतड्याला चिकटतात, काही तर आतडं ओलांडून अंगात जातात. त्यानं डासाचं काय बिघडतं, ते आम्ही बघतो."

"म्हंजे सुई सशाले, आन जुलाब मच्छरले?"

"जुलाब नाही हो, नाना!"

पुढच्या रविवारी नानांच्या डोक्यात ससाच डासाला चावलेला असे. त्याच्या पुढच्या रविवारी तक्रार, की डास एकही मरत नाही: "मन्हं रक्त पिईसन बठ्ठा मच्छर उडी गयात. असं कसं?" मग ती समजावे, की मलेरियाची प्रतिपिंडं मलेरियाच्या जंतूविरुद्ध, डासाच्या आतड्याशी त्यांचं काही भांडण नाही. नाना म्हणत, "भांडन कोनं शे मग?" ऐकता ऐकता माझंच डोकं फिरे. एकदा वर्गात मी 'प्रतिपिंड' फळ्यावर लिहून मुलांना समास विचारला, आणि उत्तर मलाही येईना.

शेवटी एका रविवारी दाढी करताना ते मला लख्ख समजलं. गालावरच्या साबणासकट मी नानांचा ओटा गाठला. "नाना! सैन्य सशानं तयार केलं, डासानं ते आपणच पिऊन पोटात नेलं, आणि ते त्याच्याच आतड्यावर तुटून पडलं! बस, एवढंच!"

नानांनी घाईनं आत पाहिलं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरात होत्या.

"हळू बोला, सर. माले दिवाळीलेच समजनं व्हतं."

"मग दर रविवारी पुन्हा का विचारता?" मी म्हणालो.

"मायसंगे ती तासभर बोलस. भाजी, साडी, बठ्ठं. माले इचारस, गोळी लिधी का? मी म्हंस, लिधी. मंग ती म्हंस, फोन ठेवू?" नाना बाही खाली ओढत म्हणाले. "आपलेबी काही बोलता येत नही. पोर मोठी व्हयनी का बापनं बोलनं आटी जास. समजनं म्हनं का फोन ठेई देस ती."

तेवढ्यात फोन वाजलाच. अक्कांचं बोलणं संपेपर्यंत नाना ओट्यावर ताटकळत उभे. मग फोन हाती आला, स्पीकर लागला.

"नाना, मागलं समजनं का?"

"नही व माय. मन्हं जाऊ दे, आठे सरलेबी नही समजनं."

साबण गालावर वाळत होता. "नाही गं, कल्पना," मी म्हणालो, "माझा तर फारच गोंधळ झालाय."

पलीकडे ती हसली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ती पहिल्यापासून सांगू लागली. नाना भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले.