बॅनकच्या तोंडची विजार

रविवारी सकाळी, उपासनेची घंटा व्हायच्या बेतात असताना, टॉर्क्विल मॅकॲस्किल मागच्या अंगणात टबापाशी गुडघे टेकून कुत्री धूत बसला होता. बॅनक ही त्याची गोल्डन रिट्रीव्हर, खरपूस भाजलेल्या भाकरीच्या रंगाची. सकाळीच किनाऱ्यावर तिला कुजलेला मासा सापडला होता आणि तिनं तो मानेपासून शेपटीपर्यंत मोठ्या भक्तिभावानं अंगाला चोळून घेतला होता.

"आज शब्बाथ आहे, इफी, कामाला हात लावायचा नाही. हे कामच झालं की," तो बायकोला म्हणाला.

"काम कसलं? ही दया आहे. तिच्यावर नाही, शेजाऱ्यांवर."

एवढ्यात बॅनकनं अंग झटकलं आणि टॉर्क्विल आतल्या लोकरी विजारीपर्यंत भिजला. त्या विजारीला असा काही वास सुटला की इफीनं ती तिथल्या तिथे धुऊन मागच्या दोरीवर टाकली.

"रविवारी दोरीवर कपडा? लॉकलन काकांनी पाहिलं तर?"

"मागच्या बाजूला मेंढ्यांशिवाय कोण बघतंय? चल, उशीर होतोय."

टॉर्क्विल निघाला, पण दोनदा मागे वळून दोरीकडे बघत. त्या डोंगराळ गावात रविवारी दोरी रिकामीच असायची. भिंतीपलीकडे राहणारे लॉकलन मॅक्रे हे चर्चच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ. रविवारी गाडी धुतली म्हणून स्तोत्र सांगणाऱ्या आधीच्या गायकाला त्यांनीच आसनावरून उठवलं होतं. आता ते आसन टॉर्क्विलचं होतं. आठवडाभर मेंढ्यांमागे ओरडून बसलेला त्याचा घसा रविवारी व्यासपीठाखालच्या त्या आसनावर आपोआप मोकळा व्हायचा. तो स्तोत्राची एक ओळ आळवायचा आणि मागून सगळी मंडळी ती भरतीच्या लाटेसारखी उचलायची. त्या लाटेत देव आपल्याला जवळ घेतो, असं त्याला वाटे. हे त्यानं इफीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

जूनचं ऊन होतं, म्हणून चर्चचं दार उघडं ठेवलेलं. दुसरं कडवं चालू असताना त्या दारातून बॅनक आत आली. तिला घरात कोंडलं होतं, पण वास जावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली होती, तीच तिला पुरली. अंग ओलसर, शेपूट वर, आणि तोंडात एक लांबलचक करडी लोकरी विजार. कमरेपाशी चिमटा अजून लोंबत होता.

जे सापडेल ते थेट मालकाकडे आणायचं, समोर बसायचं आणि तो 'दे' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हे तिला टॉर्क्विलनंच शिकवलं होतं. तोंड इतकं मऊ की अंडं आणलं तरी तडकत नाही, अशी बढाई त्यानं प्रत्येक जत्रेत मारली होती. बॅनक बाकांमधून सरळ चालत आली आणि त्याच्यासमोर बसली. विजारीतून टप टप पाणी गळू लागलं.

गाणं चालू आहे तोवर कुणी काही विचारू शकत नाही, हे टॉर्क्विलला सुचलं. त्यानं ओळ लांबवली. शेवटचं कडवं संपलं, तसं त्यानं पुन्हा पहिलं धरलं. मंडळी आधी गोंधळली, मग तिनंही जोरात झील धरली. इफी मान खाली घालून बसली होती. टॉर्क्विल असा गायला की मधेच त्याला विजारीचा विसर पडला.

शेवटी पाळकसाहेब वरून वाकले. "टॉर्क्विल, बाबा, आम्हालाही थोडा वेळ ठेव."

सगळं शांत झालं. टप. टप.

"कुणाची आहे ती?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

आसन गेलं, हे टॉर्क्विलला कळून चुकलं. तरी देवाच्या घरात खोटं कसं बोलायचं? तो उठला. "ती..."

"माझी आहे," मागून आवाज आला. लॉकलन काका उभे होते, कान लालभडक. "चहा सांडला सकाळी. लोकरीवर डाग राहतो."

त्यांनी येऊन विजार ओढली. बॅनकनं सोडली नाही. त्यांनी पुन्हा ओढली.

"दे," टॉर्क्विल पुटपुटला.

ओली विजार काखेत मारून काका आपल्या जागी ताठ बसले, आणि टॉर्क्विलचे डोळे भरून आले. या कडक म्हाताऱ्यानं आपल्यासाठी सगळ्यांदेखत एवढा कमीपणा घेतला! उपासना संपताच तो आभार मानायला धावला, पण काका केव्हाच निघून गेले होते.

घरी येऊन तो मागच्या अंगणात गेला आणि थबकला. त्याची विजार दोरीवर होती तिथेच होती, वाऱ्यावर डुलत.

भिंतीपलीकडे लॉकलन काका उभे होते. त्यांची विजार त्यांच्या हातात होती, नजर दोरीवर.

"तुझी?"

"माझीच, काका."

"मासा?"

"मासा."

"तरीच. स्तोत्र चालू असताना वास येत होता." काकांनी हातातली विजार पिळली. मग त्यांनी घसा खाकरला. "माझी दोरी सावलीत आहे, टॉर्क्विल. तिथे काही वाळत नाही."

टॉर्क्विलनं आपली विजार जरा बाजूला सरकवली. इफीनं दोन चिमटे पुढे केले.