मोजणीआधी धुतलेली गाय

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालानं उत्तर दिलंच नव्हतं. 'गोचिडांवरची लस टोचलेल्या तुमच्या गायीवरचे गोचीड मोजायला कधी येऊ?' एवढाच प्रश्न. पण 'लगेच या' लिहावं तर घाई दिसते, 'सवडीनं या' लिहावं तर नकोसं वाटतंय असं दिसतं. शेवटी वाट पाहून बाई एका सकाळी थेट गोठ्यातच उभ्या राहिल्या.

त्यांनी गायीचे कान उलटले, शेपूट उचललं, कास चाचपली.

"काका! एकही गोचीड नाही! लस लागू पडली! आता वस्तीतल्या सगळ्या गुरांना टोचू. गोचीड चावून येणारा तो ताप गेलाच म्हणून समजा!"

त्याच तापातून ग्रंथपालाचा धाकटा भाऊ कसाबसा वाचला होता. लस खरी ठरावी, असं त्याच्याइतकं कुणाला वाटणार?

"तसं नाही हो..." त्यानं शेजारी उभ्या बायकोकडे बोट दाखवलं. "हिनं काल गाय घासून काढली."

बाईंचा चेहरा पडला. "आणि गोचीड?"

"चिमट्यानं वेचले," बायको ऐटीत म्हणाली. "ही बया लाथा झाडते, तुम्ही मोजणार कशा? आयते बरणीत भरून ठेवलेत. बसा खुर्चीवर, मोजा सावकाश."

"बरणी कुठंय?"

"स्वयंपाकघरात, मिठाशेजारी."

"झाकण घट्ट आहे ना, काकू?"

"जीव गुदमरेल की त्यांचा! चांगली मोठी भोकं पाडलीत."

बाई किंचाळत आत धावल्या. मागोमाग ग्रंथपाल धावला आणि पिठाच्या डब्यावर आदळला. पिठात रांगत दोघं गोचीड शोधू लागले.

"हलू नका काका! एक जरी चावला तरी—"

"अहो, लेंगा झटका आधी!" बायको दारातून नवऱ्यावर ओरडली.

"काकू, तुम्ही स्टुलावर चढा!"

"अगं बाई, आधी बरणी तरी बघाल की नाही?"

बरणीत सगळे होते. भोकांतून सहज निसटले असते. पण तळाशी पडले होते, चपटे, मरगळलेले. बाईंनी भिंग लावलं.

"गायीचं रक्त बाधलंय यांना! फुगायचं सोडा, वर चढायचंही त्राण नाही! काका, लस चालतेय!"

जन्मात मोठ्यानं न बोललेला ग्रंथपाल पिठानं माखलेल्या तोंडानं भावाला हाका मारत अंगणात धावला.

"पण अशी मोजणी धरत नाहीत हं," निघताना बाई म्हणाल्या. "पुन्हा यावं लागेल. या खेपेला तरी कळवा."

दुपारी त्यानं एका बैठकीत उत्तर लिहिलं : 'पुढच्या सोमवारी अवश्य यावे. तोवर हिला माहेरी पाठवतो.'

एरवी टपाल बायकोच टाकायची. हे पत्र मात्र तो स्वतः जाऊन पेटीत टाकून आला.