साळू आणि साहेबाची पेटी

एका जंगलात एक नियम होता. पेटी उघडायची नाही. का उघडायची नाही, तेही विचारायचं नाही.

मुलांनो, तुमच्याही घरी असा एखादा नियम असेल. असू द्या.

पेटी अस्सल विलायती होती. जाड लाकूड, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, दोन्ही बाजूंना पितळी कड्या. कुणी एक शिकारी साहेब ती विसरून गेला होता. म्हातारे म्हणत, सांभाळायला देऊन गेला. म्हणून जंगलातली एकुलती एक कोरडी गुहा पेटीला दिलेली होती. लाकडाला ओल लागता कामा नये! प्राणी बाहेर पावसात झोपत.

आणि दर पावसाळ्यात जंगलातल्या एका उपवर मुलीनं ते पितळ चिंचेनं घासायचं. यंदा नंबर साळूचा होता. साळू म्हणजे साळिंदराची धाकटी लेक. तिच्या बहिणीची पिल्लं भिजून भिजून खोकत होती. लहानग्याला तर दूधही गिळवेना.

साळू चिंच घेऊन गुहेत आली. मागोमाग देखरेखीला थोर मंडळी.

"आजोबा, पिल्लांना इथं झोपवू?"

कासवआजोबांनी मान आत ओढली. अडचणीचा प्रश्न आला की ते असंच करत.

"श्वासानं पितळ काळवंडतं गं बाळा," गवाकाका म्हणाले.

"मग पेटीतच झोपवते."

"अगं बाई! आणि साहेब आला म्हणजे?" घुबडमावशी किंचाळल्या.

"कधी येणार आहे?"

"येतो म्हणून गेलाय. माझ्या पणजीला सांगून! शेजारच्या जंगलात शिकून काय आलीस, काटे फारच फुलायला लागलेत तुझे."

साळूनं चिंच खाली ठेवली आणि कोयंडा काढला. झाकण करकरलं. मंडळींनी डोळे मिटून घेतले.

आत काहीच नव्हतं. किंचित कापराचा वास आणि ऐसपैस कोरडी जागा.

तिनं झाकण मागं टेकवलं, वाळकी पानं अंथरली, पिल्लं आणून निजवली.

"बरं, आता घास तरी," गवाकाका कळवळले. "निदान कड्या!"

"नाही घासणार. आणि साहेब आलाच, तर त्याला सांगा, हळू बोल. पिल्लं झोपलीत."

आजोबांची मान आतच राहिली.

तात्पर्य : लाकडाला कधीही ओल लागू देऊ नये. पिल्लांचं काय, ती खोकत खोकत मोठी होतातच.