प्रात्यक्षिकासाठी झाड पाहिजे

जयपुरातील आमच्या मराठी मंडळाने १९८५ च्या फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर, सभासदांसाठी एकदिवसीय बागकाम प्रशिक्षण वर्ग भरवला. मंडळात गणपती, हळदीकुंकू आणि कोजागिरी होते, पण तिन्हींत खाण्यापलीकडे काही घडत नाही, असा शेरा वार्षिक सभेत कोणीतरी मारला होता. तो पुसून काढणे भाग होते.

बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा नाही, सभासदांतलेच हौशी बागवान शिकवतील, असे ठरले. हौशी बागवान कोणाला म्हणावे यावर बराच खल झाला. ज्याच्या घरच्या कुंडीतले निदान एक रोप गेल्या उन्हाळ्यात मेले नाही तो बागवान, अशी व्याख्या अखेर मंजूर झाली. तिच्यात तिघे बसले. अबकारी खात्यात निवृत्तीला आलेले आप्पासाहेब, बँक मॅनेजरच्या पत्नी मधुमतीबाई आणि लष्करी छावणीतले मेजर सर्जेराव. मेजरांचे रोप खरे तर त्यांचा अर्दली सांभाळी, पण हुकूम मेजरांचा असल्यामुळे ते ग्राह्य धरले.

अडचण आली ती प्रात्यक्षिकाच्या झाडाची. आम्ही सगळे बदलीवाले. हुकूम आला की ट्रकमध्ये चढेल तेवढाच संसार ठेवायचा, ही आमची रीत. त्यामुळे आमच्या बागाही कुंड्यांत आणि डालड्याच्या डब्यांत. वर्गासाठी एखादी कुंडी द्या म्हटल्यावर तिन्ही बागवानांचे चेहरे पडले.

"माझ्या गुलाबाला नवशिक्यांचा हात?" आप्पासाहेब म्हणाले. "नाव काढू नका."

जमिनीत लावलेले झाड अख्ख्या मंडळात एकच होते. विमा कंपनीतल्या वसंतरावांच्या पत्नी अनुसयाबाई यांच्या क्वार्टरमागचा कढीपत्ता. सांगलीहून ते रोप त्यांनी रेल्वेत मांडीवर धरून आणले होते. हिवाळ्यात रात्री गोणपाट गुंडाळून वाचवले, आणि आता ते छपराला लागले होते. जयपुरात भाजीवाल्याला कढीपत्ता मागितला तर तो आपल्याच तोंडाकडे बघत राहतो. त्यामुळे यच्चयावत मराठी घरांची फोडणी या एका झाडावर चाले. आमच्या घरची वाटी तर त्या दाराला रोजचीच. अनुसयाबाई कोणाला नाही म्हणत नसत. "पानं हवी तेवढी न्या, फांदी तेवढी मोडू नका," इतकेच म्हणत. आम्ही घाईत असलो की फांदी मोडत असू.

कार्यकारिणीत आप्पासाहेबांनी मुद्दा मांडला. "कुंडी ही खासगी मालमत्ता. जमीन सरकारची. सरकारी जमिनीतलं झाड सार्वजनिक. त्याला परवानगी कशाला?"

"पण त्यांना विचारायला हवं," मी म्हणालो. संयुक्त चिटणीस या नात्याने मला असे म्हणावे लागते.

"विचारायचं नाही. कळवायचं."

मी कळवले. अनुसयाबाईंनी पदराला हात पुसत विचारले, "झाडाला काही होणार नाही ना हो? लेकरासारखं वाढवलंय मी ते."

"वहिनी, प्रशिक्षण आहे. झालं तर चांगलंच होईल."

आपल्याला वगळले असे त्यांना वाटू नये म्हणून चहा आणि कांदेपोहे त्यांच्याकडे सोपवले.

पहिला तास छाटणीचा. कात्र्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या ओळखीच्या कारखान्यातून आणल्या होत्या. त्या पत्रा कापायच्या होत्या, पण कापणाऱ्याची हौस असली की एवढा फरक कोण बघतो! आप्पासाहेबांनी एक वाळकी काडी कापून दाखवली आणि जाहीर केले, "ज्याने स्वतः कापलं नाही, त्याला प्रमाणपत्र नाही." नियम सर्वांना पटला. एकेकाने एकेक फांदी कापली. मागच्या रांगेला फांद्या पुरेनात, तेव्हा दोघांत एक दिली. तास संपला तेव्हा शेंड्याला पानांचा एक तुरा उरला होता. कापलेली पाने प्रशिक्षणार्थींनी पिशव्यांत भरून घेतली. वाया काही गेले नाही.

अनुसयाबाई पोह्यांची परात घेऊन बाहेर आल्या आणि परातीसकट तिथेच थिजल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"छाटणी," आप्पासाहेब म्हणाले. "पोहे गरम आहेत ना?"

दुसरा तास खताचा. मधुमतीबाईंचे बालपण उत्तरेतच गेलेले. त्यांनी झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मतलब, एकदम कमजोर आहे हे. याला ताकत द्यायला पाहिजे."

"मी त्याला आंबट ताक घालते," अनुसयाबाई म्हणाल्या.

"अनुसयाजी, ताक आपण प्यायचं. झाडाला युरिया."

प्रत्येकाने मूठभर युरिया घातला. बायकांच्या मुठी लहान पडतात, अशी तक्रार आली. म्हणून त्यांना दोनदा घालू दिला. मंडळात स्त्री-पुरुष भेद नाही.

तिसरा तास मेजर सर्जेरावांचा, आळे करण्याचा. एवढा युरिया मुळे जाळणार, हे त्यांनी लगेच ओळखले आणि भरपूर पाणी हवे म्हणून सांगितले. नळ तर सकाळीच येऊन गेलेला. मग छावणीतून टँकर मागवला. टँकरभर पाणी मावायचे तर आळेही तसेच हवे. मेजरांना खड्ड्याचा एकच प्रकार येत होता. कमरेइतका खोल, सरळ कडांचा.

"वहिनी, बिनघोर राहा," ते कुदळ चालवत म्हणाले. "यात बसलेल्याला गोळी लागत नाही!"

वाटेत आली ती मुळे तोडावी लागली. पाणी सोडले. झाड हळूच एका बाजूला कलले.

नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले. ते कुठल्याशा खात्याचे उपसंचालक होते. फोटोत झाड सरळ यायला हवे, म्हणून ते साहेबांच्याच हाती दिले. साहेबांनी डाव्या हाताने झाड धरले आणि उजव्या हाताने प्रमाणपत्रे वाटली. प्रमाणपत्रे फार देखणी होती. सांगानेरच्या हातकागदावर छापलेली, कागदात खरीखुरी पाने दाबलेली. मग साहेब वृक्षसंवर्धनावर हिंदीतून बोलले, आणि इतके सुरेख बोलले की टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ऐकून साहेबांनाही राहवले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

झाड चिखलात पडले.

अनुसयाबाई खड्ड्यात उतरल्या आणि खोडाला कवटाळून रडल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी वेळ ठेवलेला नव्हता, म्हणून मी आभारप्रदर्शन उरकून घेतले. त्यांना प्रमाणपत्र देता आले नाही. त्यांनी काहीच कापले नव्हते.

पिशवीतली पाने आठवडाभरात काळी पडली. आमची आमटी दोन दिवस कशीबशी घशाखाली उतरली. तिसऱ्या दिवशी पत्नी शालिनी सवयीने वाटी घेऊन गेली. आली ती रिकामी वाटी घेऊन.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमच्या प्रमाणपत्रात पानं आहेत ना, तीच टाका फोडणीत."

"असं म्हणाल्या? आणि आपण त्यांना एवढं..." एवढे काय, ते मला आठवेना.

"त्यांच्या खिडकीत डालड्याचा डबा आहे," शालिनी म्हणाली. "मुळाशी राहिलेला कोंब लावलाय त्यात. मी विचारलं, मोठा झाला की देणार ना पानं? तर म्हणाल्या, डब्यात आहे, म्हणजे खासगी."

हे नियमाला धरूनच होते. आप्पासाहेबांनाही त्यात खोट काढता आली नाही.

वर्ग कमालीचा यशस्वी झाल्यामुळे तो दरवर्षी भरवायचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. कात्र्या आहेत, युरिया उरला आहे, टँकर मिळतो, तज्ज्ञ उत्सुक आहेत. फक्त झाड नाही. वाचकहो, आपल्या अंगणात जमिनीत लावलेले एखादे झाड असल्यास कृपया सांगावे. नसल्यास संकोच करू नये. आपण रोज ज्या अंगणातून फोडणीची पाने खुडून आणता, तिथला पत्ता दिला तरी पुरे. त्यांना कळवायचे काम आम्ही करू.